पावसाचा खंड, उन्हाचा ताव आणि पशुवैद्यकाचे कार्य

जनावर आजारी पडले म्हणजे पशुवैद्यकास बोलवावयाचे, अशी समजूत खेड्यापाड्यांतून रूढ आहे. ऋतुमान ठरल्या वेळी येत-जात होते तोवर या समजुतीने फारसे अडले नाही. परंतु आता फाल्गुनातच उन्हाळा तापतो, पेरणीनंतर तीन-तीन आठवडे उघडीप पडते, तर ऐन हिवाळ्यात अवकाळी पाऊस कोसळतो. अशा वेळी रोग झाल्यावर धावणाऱ्या पशुवैद्यकापेक्षा हवामान पाहून आधी सूचना देणारा पशुवैद्यक अधिक उपयोगी ठरतो.

प्रथम उष्णतेचा विचार करू. गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. विश्रांतीच्या स्थितीत ती मिनिटास साधारणतः २० ते ३० वेळा श्वास घेते. कुशीची हालचाल घड्याळ लावून मोजली असता हा आकडा ६० च्या पुढे गेलेला आढळला, तर जनावर उष्णतेच्या ताणाखाली आहे असे समजावे. ही परीक्षा कोणाही शेतकऱ्यास बिनखर्चात करता येते. ताणातील जनावर चारा कमी खाते, कारण चारा पचविताना कोठीपोटात उष्णता निर्माण होते व ती बाहेर टाकणे त्यास जड जाते. दूध घटण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून वैरणीचा मोठा वाटा सायंकाळी व रात्री द्यावा आणि स्वच्छ, थंड पाणी दिवसभर समोर ठेवावे.

येथे एक चूक नेहमी घडते. केवळ तापमान पाहून उन्हाळ्याची तीव्रता ठरविली जाते. वास्तविक हवेतील दमटपणाही तितकाच महत्त्वाचा आहे. तापमान व आर्द्रता यांवरून पशुवैद्यक एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की संकरित गाईंना ताण जाणवू लागतो. या हिशेबाने ८० टक्के आर्द्रतेचा ३० अंशांचा दिवस हा २० टक्के आर्द्रतेच्या ३६ अंशांच्या दिवसापेक्षा जनावरास अधिक जाचक असतो. म्हणजे कोकणातील पावसाळी उघडीप ही देशावरील वैशाखापेक्षा सौम्य नव्हे. कोंदट, बंद गोठ्यात पाण्याचे फवारे मारल्याने दमटपणाच वाढतो. फवाऱ्याबरोबर वारा खेळता असला तरच लाभ होतो.

म्हशीची अडचण याहून मोठी आहे. तिची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी थोड्या. डुंबावयास पाणी न मिळाल्यास ती लवकर त्रासते. उन्हाळ्यात तिचा माज मुका राहतो, म्हणजे बाहेरून लक्षण दिसत नाही. यात दिनमानाचाही भाग असला तरी उष्णता त्यात भर घालते. माज हुकला की पुढील वेत तितके लांबते व भाकड काळात चाऱ्याचा खर्च मात्र चालूच राहतो. म्हशीचे निरीक्षण पहाटे व रात्री करावे, शंका येताच पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी आणि कृत्रिम रेतन दिवसाच्या थंड वेळी करावे.

लसीकरणाच्या वेळापत्रकाचाही फेरविचार अवश्य आहे. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी टोचण्याची प्रथा आहे. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन-तीन आठवडे लागतात. सन २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईस पोहोचला. जेथे जूनच्या पहिल्या आठवड्याची वाट पाहिली गेली, तेथे पाऊस आधी आला व लस मागे राहिली. एप्रिलअखेरीसच गावातील जनावरांची यादी तयार करून दवाखान्यास देणे, हे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे आहे. लम्पी चर्मरोगाची साथ सन २०२२ मध्ये राज्यभर पसरली, तेव्हाही डास, माश्या व गोचीड यांचा बंदोबस्त आणि वेळेवर लस यांचेच महत्त्व दिसून आले. प्रत्येक साथीचा दोष हवामानावर टाकणे मात्र शास्त्रीय नव्हे. जनावरांची ने-आण व गोठ्यातील अस्वच्छता यांनीही रोग पसरतो.

पावसाच्या खंडाचा सर्वांत घातक परिणाम ज्वारीच्या शेतात दडलेला असतो. पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य साठते. अशी ज्वारी खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेस ‘किराळ लागणे’ म्हणतात. खंडानंतर पाऊस आला की शेतकरी निर्धास्त होतो. परंतु त्या पावसावर फुटणारे कोवळे धुमारे अधिकच विषारी असू शकतात. कापणीनंतर खोडव्याला आलेल्या फुटव्यांचेही तसेच. भुकेले जनावर बांध ओलांडून अशा शेतात शिरते आणि अर्ध्या तासात कोसळते. श्वास जोराचा होतो, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरते. रक्त लालभडक दिसते, कारण रक्तातील प्राणवायू शरीरास वापरताच येत नाही.

याच खुरटलेल्या पिकात, विशेषतः नत्रखत भरपूर दिले असल्यास, नायट्रेटही साठते. त्याच्या विषबाधेत रक्त तपकिरी होते. दोन्ही विषे एकाच शेतातील, लक्षणेही बरीचशी सारखी. परंतु उपचार परस्परविरुद्ध आहेत. किराळीवर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. हेच नायट्राइट दुसऱ्या बाधेत दिले तर जनावर दगावेल. रक्ताचा रंग पाहून निर्णय घेण्यास जाणकार लागतो, तो याचसाठी. कोसळलेल्या जनावराच्या तोंडात काढे ओतू नयेत. ते श्वासनलिकेत जाऊन नवीन संकट ओढवते. ताबडतोब दवाखान्यास अथवा फिरत्या पथकाच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकास कळवावे. राहिलेली जनावरे त्या शेतातून लगेच बाहेर काढावीत.

प्रतिबंध सोपा आहे. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत हिरवी चारू नये. कापून उन्हात चांगली वाळविल्यास किराळीचे विष बरेच उतरते. नायट्रेट मात्र वाळविल्याने जात नाही, हे ध्यानात ठेवावे. पशुवैद्यकाने खंड दोन आठवड्यांचा झाला की ग्रामपंचायतीच्या फलकावर ही सूचना लावावी. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करून घेतल्यास उरलेली वाचविता येतात.

थंडीतील पावसाचा अनुभव पुणे व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील मेंढपाळांनी डिसेंबर २०२१ च्या आरंभी घेतला. अवकाळी पाऊस व गारठा यांनी उघड्यावरील मेंढ्या मोठ्या संख्येने मेल्या. लोकर कातरलेल्या व लहान कोकरांना अशा वेळी निवारा मिळणे जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. कातरणीचा दिवस हवामानाचा अंदाज पाहून ठरविण्याचा सल्ला पशुवैद्यकाने द्यावा. नुकसानभरपाईसाठी मृत मेंढ्यांचा पंचनामा व पशुवैद्यकाचा दाखला लागतो. मेंढपाळांचा मुक्काम फिरता असल्याने ही कामे पुढे ढकलली तर मेंढ्याही जातात आणि मदतही.

जनावरे मिथेन वायू सोडून हवा तापविण्यास हातभार लावतात, हेही खरे. कोठीपोटात चारा कुजताना हा वायू तयार होतो व ढेकरेवाटे बाहेर पडतो. त्याबरोबर खाद्यातील काही शक्तीही वाया जाते. यावर खेड्यात तूर्त करता येण्याजोगे काम म्हणजे भाकड काळ कमी करणे. वर्षानुवर्षे न गाभणारी गाय चारा खाते, वायू सोडते आणि दूध देत नाही. वंध्यत्व तपासणीचे शिबिर वर्षातून दोनदा भरवावे. शिबिरास येताना मालकाने मागील विण्याची व रेतनाची तारीख लिहून आणावी. ती ठाऊक नसल्यास तपासणीचे निदान अर्धेच राहते.