जळजळीवरची पुडी : काय करते, काय करत नाही



पेठ-सुरगाणा भागातील शिबिरांत मी औषधांच्या टेबलावर असते. "ताई, पोटात आग पडते, पुडी द्या," ही मागणी प्रत्येक शिबिरात येते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारे कित्येक जण पहाटे उपाशी निघतात, अंग दुखले की रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेतात. जोडीला तंबाखू किंवा मिश्री असते. या तिन्हींनी पोट बिघडते. म्हणून ही पुडी समजून घेऊ.

अन्न पचवण्यासाठी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. खाण्याचा सोडा, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे त्याच्या उलट गुणाचे पदार्थ. ते आम्लाला भेटले की क्षार व पाणी बनते आणि जळजळ शमते. सोड्याने वायूही बनतो, म्हणून ढेकर येते; पण ढेकर आली म्हणजे दुखणे गेले असे नव्हे. उपाशीपोटी हा आराम जेमतेम तासभर टिकतो, जेवणानंतर घेतल्यास दोन-तीन तास.

मॅग्नेशियमने शौचास पातळ होते, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतो. म्हणून पातळ औषधात बहुधा दोन्ही असतात. सोड्यात सोडियम असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गरोदर बहिणींना आशाताई रक्तवाढीच्या गोळ्या देतात. त्यांच्यासोबत जळजळीचे औषध घेतले तर लोह अंगी नीट लागत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. क्षयाचे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

जठरातील पुष्कळ व्रण एका जंतूमुळे होतात. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी तो 1982 मध्ये शोधला. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुडीने हा जंतू मरत नाही, त्याला प्रतिजैविके लागतात. म्हणून दोन आठवडे जळजळ थांबली नाही, वजन उतरले किंवा गिळताना अडकू लागले, तर तपासणी करावी. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास, किंवा छातीत दाब येऊन घाम फुटणे, यांत एक तासही न दवडता दवाखाना गाठावा.

यापुढे पुडी देताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे आम्ही ठरवले आहे : "किती दिवसांपासून जळजळतंय? आणखी कोणती गोळी चालू आहे?" आपल्या घरीही हेच विचारा.