विडीचे सुख आणि अन्वय-व्यतिरेक

माळकरी मंडळींत एक प्रश्न वरचेवर निघतो. "बुवा, मांस सोडले, मद्य सोडले; तंबाखूचे काय? तिचे नाव तर कुठल्या ग्रंथात नाही." विचारणाऱ्याच्या तळहातावर त्या वेळी बहुधा चुना-तंबाखू मळणे चालू असते. नाव नाही हे खरे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तंबाखू आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून, सुमारे तीनशे वर्षांनंतर. इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेग विजापुराहून ती अकबराच्या दरबारी घेऊन गेला, तेव्हा बादशाहालासुद्धा ती नवलाची वस्तू वाटली. जी वस्तू गावात नव्हती तिचा निषेध माउली कशाला करतील? पण हा युक्तिवाद आम्ही तिऱ्हाईत म्हणून खोडीत नाही हो. तीस-पस्तीस वर्षे तो आम्हीच वापरला.

आम्हाला विडी लागली ती पाठशाळेत, विसाव्या वर्षी. दिवसा अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह घोकावा आणि रात्री विहिरीच्या काठावर दोघांत एक विडी ओढावी. पुढे कीर्तने सुरू झाली तसे दिवसाला एक बंडल लागू लागले.

चातुर्मासात मात्र आम्ही विडी सोडीत असू. ही लबाडी नव्हे, खरोखरच सोडीत असू. आषाढीला चंद्रभागेत स्नान करून सोडायची ती थेट कार्तिकीपर्यंत. पहिले तीन दिवस फार वाईट. झोप नाही, डोके गरगरते, घरच्या माणसांवर विनाकारण ओरडणे. मग हळूहळू निवळे. आणि द्वादशीला पारणे झाले की देवळामागे जाऊन पहिली विडी! चार महिने जो देह तिच्यावाचून सुखाने चालला तो पुन्हा तिच्याकडे का धावतो, हा विचार कधी मनाला शिवलाही नाही. पुराणातल्या राजांचे मोह मात्र आम्ही श्रोत्यांना फोड करून सांगत होतो.

२०१४ साली नामसप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी, आमचा आवाज बसला. सप्ताह आटोपून धुळ्याला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा पाहिला आणि मग अर्धा तास विडीवरच बोलले. विडीच्या धुरातले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. तिथे ते डोपामीन नावाचे द्रव्य सोडायला लावते, त्याने बरे वाटते. पण मेंदूला त्याची सवय जडते आणि ते स्वीकारणाऱ्या जागा वाढत जातात. रक्तातले निकोटीन दोनेक तासांत निम्मे होते. मग त्या जागा मागणी करू लागतात. तीच तलफ. पुढची विडी ती मागणी भागवते आणि त्याच वेळी तिच्या पुढचीची सोय लावून ठेवते. डॉक्टर हसून म्हणाले, "बुवा, सावकार सकाळी तुमच्याच कोठीतले धान्य नेतो, संध्याकाळी त्यातले पायलीभर परत देतो, आणि तुम्ही त्याला दाता म्हणता."

परतताना साक्रीच्या पुढे एस.टी.त बसल्या बसल्या आम्हाला तर्कसंग्रह आठवला. आमचे अनुमान असे होते: विडी असली की चित्त स्थिर, हा अन्वय, विडी नसली की अस्थिर, हा व्यतिरेक, म्हणून विडी हे स्थिरतेचे कारण. वरवर दोन्ही जुळतात. पण व्यतिरेक आम्ही स्वतःवरच तपासला होता, म्हणजे आधीच बिघडलेल्या तराजूवर. आमच्या टाळकऱ्याने जन्मात विडी ओढली नाही, आणि जेवणानंतर तो भिंतीला टेकून आमच्याहून निवांत बसतो. विडी नाही, स्थिरता आहे! तिथे कार्यकारणभाव मोडला. आमची विडी आम्हाला तेवढ्यापुरते आणून सोडीत होती ती टाळकऱ्याच्या नेहमीच्या स्थितीला. खाजवल्याने बरे वाटते खरे, पण म्हणून कोणी खरूज मागून घेतो काय?

मग चातुर्मासाचे कोडेही सुटले. देहाची मागणी बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत ओसरते. कार्तिकीला आमच्या अंगात निकोटीनचा लवलेश नव्हता; उरला होता समज. एक सुख देवासाठी चार महिने बाजूला ठेवले, असे आम्ही धरून चाललो होतो. बाजूला ठेवलेली वस्तू माणूस मुदत संपली की उचलतोच.

समज गेला तरी संस्कार राहतो, तेही सांगितले पाहिजे. कीर्तन संपून फेटा सोडला, चहाची बशी तोंडाला लावली, गाडी थांबली, की हात आपोआप खिशाकडे जाई. मन त्या त्या जागेला विडी बांधून ठेवते. तलफ पांझरेच्या पुरासारखी. चढते तशी उतरतेही, आणि पुष्कळदा पाचेक मिनिटांतच. तेवढा वेळ आम्ही जागा बदलावी, तांब्याभर पाणी प्यावे, फेऱ्या घालीत हरिपाठाचे दोन-तीन अभंग म्हणावे. एका लग्नात घसरलोही. एक विडी ओढली आणि वाटले, संपले सगळे. डॉक्टर म्हणाले, एका विडीने बंडल विकत घ्यावे लागत नाही. तिथून पुन्हा धरले ते आजवर सुटलेले नाही.

विडी न ओढणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे २७ जण तंबाखू घेणारे आढळले. ओढणारे त्यांत चारच्या आसपास, बाकीचे बहुतेक ती तोंडात धरणारे. मायबहिणींची मशेरी त्यातच आली. निकोटीन तेच, गालाच्या अस्तरातून सावकाश शिरते इतकेच, आणि तोंडाचा कर्करोग तिथेच बसतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा क्रमांक २०१६ पासून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगमही काही दिवस घेता येते. त्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. आमच्या मृदंगावर तेव्हा पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. बंडल आणायला आम्ही त्यालाच दुकानावर पिटाळीत असू. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण बुवांचे बंडल म्हटल्यावर कोण हटकतो? त्याच सप्ताहात त्याच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी, तरी सापडली. आम्ही त्याला चारचौघांत रागे भरलो. तो खाली मान घालून म्हणाला, "बुवा, तुम्हीबी ते वढतस ना!" आवाज बसला होता म्हणून आम्ही गप्प राहिलो, असे लोकांना वाटले.

आम्ही सुटलो, तो अजून सुटलेला नाही. गुटखा गेला, तंबाखूची डबी आली. मृदंगावर हात फार गोड आहे त्याचा. गेल्या आषाढीला वाळवंटात त्याने आपण होऊन डबी आमच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बुवा, कार्तिकीपर्यंत सांभाळा." आम्ही डबी घेतली, आणि तिथेच वाळूवर बोटाने दोन रेघा ओढून त्याला अन्वय-व्यतिरेक समजावू लागलो.