आज्ञेतून आलेख : 'ग्नूप्लॉट'ची ओळख

आकड्यांचा तक्ता कितीही काटेकोर असला, तरी त्यातील चढउतार चटकन ध्यानी येतात ते आलेखामुळे. मात्र बोलका आलेख दिशाभूलही करू शकतो. म्हणून तो कोणत्या आकड्यांवरून व कोणत्या रीतीने काढला, याची लेखी नोंद असणे अगत्याचे आहे. लिखित आज्ञांवर चालणाऱ्या 'ग्नूप्लॉट' या संगणक-प्रणालीत अशी नोंद आपोआप तयार होते.

थॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये ही प्रणाली साकारली. ती विनामूल्य उपलब्ध आहे. नावात 'ग्नू' असले, तरी त्या नावाच्या प्रकल्पाशी तिचा संबंध नाही.

स्थापना

डेबियन वा उबुंटू प्रणालीच्या संगणकावर प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि नंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नूप्लॉट' या आज्ञा द्याव्यात. (आज्ञा रोमन लिपीत टंकित करावयाच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) पहिल्या आज्ञेने उपलब्ध प्रणालींची यादी अद्ययावत होते, तर दुसरीने प्रणाली स्थापित होते. 'ग्नूप्लॉट'पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'व्हर्जन' लिहिले, की आवृत्तीचा क्रमांक कळतो. हा क्रमांक आलेखासोबत नोंदवून ठेवावा.

आज्ञापत्र

समजा, एका विहिरीतील पाणी जमिनीपासून किती मीटर खोल आहे, याची वर्षभराची मासिक नोंद साध्या फाइलीत आहे. पहिल्या स्तंभात महिन्याचा क्रमांक व दुसऱ्यात खोली आहे. दुसऱ्या फाइलीत पुढील क्रमाने आज्ञा लिहाव्यात. 'सेट टर्मिनल'ने चित्राचा प्रकार, उदाहरणार्थ पीएनजी, ठरतो. 'सेट आउटपुट'ने चित्राच्या फाइलीला नाव मिळते. शेवटी 'प्लॉट' या आज्ञेत आकड्यांच्या फाइलीचे नाव देऊन 'युझिंग १:२ विथ पॉइंट्स' असे लिहिले, की पहिला स्तंभ आडव्या व दुसरा उभ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडले जातात. आज्ञापत्र न वापरता एकेक आज्ञा देत असल्यास अखेरीस 'अनसेट आउटपुट' द्यावे. अन्यथा चित्राची फाइल अपुरी राहण्याचा संभव असतो.

दोन दक्षता

पहिली दक्षता न झालेल्या मोजणीबाबत. एखाद्या महिन्यात मोजणी झाली नसताना तेथे शून्य लिहिले, तर त्याचा अर्थ पाणी थेट जमिनीच्या पातळीला आहे असा होतो. जेथे काहीच ठाऊक नाही, तेथे विहीर काठोकाठ भरलेली दिसते! अशा ठिकाणी 'एनए' लिहून 'सेट डेटाफाइल मिसिंग' या आज्ञेने त्या खुणेचा अर्थ सांगावा. मग तेथे बिंदू उमटत नाही. बिंदूंऐवजी रेषा काढल्यास ती न मोजलेल्या महिन्यावरूनही सरळ पुढे जाऊ शकते. म्हणून येथे बिंदूच श्रेयस्कर.

दुसरी दक्षता मापाची. माप न सांगितल्यास प्रणाली प्रत्येक आलेखाचे माप स्वतः ठरवते. त्यामुळे एका विहिरीतील १ मीटरची घट आणि दुसरीतील ८ मीटरची घट कागदावर सारखीच भासते. 'सेट वायरेंज'पुढे चौकटी कंसात '१२:०' असे दिले, की सर्व आलेख एकाच मापात येतात आणि शून्य वर असल्याने खोली खालच्या दिशेने वाढताना दिसते.

एक आज्ञापत्र, अनेक विहिरी

पाचव्या आवृत्तीपासून 'ग्नूप्लॉट -सी' असे लिहून पुढे आज्ञापत्राचे व आकड्यांच्या फाइलीचे नाव देता येते. आज्ञापत्रात 'आर्ग१' लिहिले असेल तेथे ते नाव घेतले जाते. विहीर बदलली तरी रीत तीच राहते. चित्राच्या फाइलीला मात्र दर वेळी वेगळे नाव द्यावे, नाहीतर आधीचे चित्र पुसले जाईल.

पाणीपुरवठ्याचा निर्णय आलेख पाहून होणार असेल, तर आलेखासोबत आकड्यांची फाइल व आज्ञापत्र दोन्ही जोडावीत. म्हणजे शंका घेणाऱ्या कोणाही सदस्याला तोच आलेख पुन्हा काढून पाहता येईल. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकडून हा पडताळा करवून घेतल्यास आकडे तपासून पाहण्याची सवय शाळेतच रुजेल.