लिंबू-सोड्याची बाटली

नांदेड-लातूरकडचे ऊन कडक. बाजाराला गेले, की घसा कोरडा पडतो. गाड्यावर गोळीचा सोडा मिळतो. गोळी आत दाबली, की 'फस्स' असा आवाज होतो. तो कशाचा?

आपण श्वास सोडतो, त्यात एक वायू असतो. तोच वायू सोड्याच्या पाण्यात दाबून भरतात. तो गोळीला आतून तोंडाशी दाबून धरतो. वेगळे बूच लागत नाही! ही बाटली इंग्लंडात हायरम कॉड याने १८७२ साली काढली.

पुढे पत्र्याच्या बुचाच्या बाटल्या आल्या. लिम्का निघाली. आता अशा बाटल्या खेडोपाडी मिळतात. काहींवर 'यात फळ नाही' असे छापलेले असते. म्हणजे लिंबाचा नुसता वास! अक्षरे इंग्रजी असली, तर शाळेतल्या लेकराकडून वाचून घ्या.

लेकराला हगवण लागली, की कुणी म्हणते, "सोडा पाजा, पोट बसेल." तसे करू नका. त्यातल्या जास्त साखरेने हगवण वाढते. दवाखान्यातली मीठ-साखरेची पुडी आणा. पुडी नसेल, तर एक लिटर पाणी उकळून गार करा. त्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. घोट घोट पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. लेकरू सुस्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा.