'सबब' या शब्दाचा दोर : कुरआनातील कार्यकारणविचार

न्यायालयीन मराठीत 'सबब' म्हणजे 'म्हणून'; बोलण्यात 'सबबी सांगणे' म्हणजे निमित्ते पुढे करणे. फारसीच्या द्वारे मराठीत आलेल्या या अरबी शब्दाचा जुना अर्थ मात्र 'दोर' असा आहे. इस्लाममधील कार्यकारणविचाराची चर्चा बहुधा गझाली आणि इब्न रुश्द यांच्या वादापासून आरंभिली जाते. ती या दोरापासून आरंभावी, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

सूरा हज्जमध्ये (२२:१५) 'सबब' म्हणजे वर ताणलेला दोर. सूरा कहफमध्ये (१८:८४-८५) झुल्करनैनास प्रत्येक गोष्टीचा 'सबब' दिला जातो व तो त्याच्या मागाने जातो. येथे अर्थ साधन, मार्ग असा होतो. सूरा बकरामध्ये (२:१६६) अंतिम निवाड्याच्या वेळी सर्व 'अस्बाब' तुटतात. दोर खरा आहे, धरताही येतो. पण तो दिलेला आहे आणि तुटणाराही आहे. 'अनिवार्य कारण' ही ग्रीक परंपरेतील कल्पना यात शोधणे म्हणजे कालविपर्यास होय.

गझाली (मृत्यू ११११) यांनी 'तहाफुत अल-फलासिफा'च्या सतराव्या प्रकरणात नेमकी हीच अनिवार्यता नाकारली. अग्नी आणि कापूस यांचा संयोग व त्यापाठोपाठ ज्वलन, एवढेच आपण पाहतो; अग्नीमुळेच ज्वलन झाले, हे दिसत नाही. (त्यांची ह्यूमशी केली जाणारी तुलना घाईची आहे, गझालींना चमत्कारासाठी जागा राखावयाची होती.) इब्न रुश्द (मृत्यू ११९८) यांचे उत्तर असे की, कारणे नाकारली तर वस्तूंना स्वभाव उरत नाही, आणि ज्ञानही उरत नाही.

इब्राहिमांच्या अग्नीचा प्रसंग (२१:६९) गझालींच्या बाजूचा मानला जातो. तथापि तेथे आज्ञा अग्नीलाच उद्देशून आहे : त्याने शीतल व्हावे. ज्यास स्वभावच नाही, त्यास तो सोडण्याची आज्ञा कशी द्यावी? उलट, ईश्वरी रीत बदलत नाही, हे वचन (४८:२३) निसर्गनियमांच्या समर्थनार्थ उद्धृत करणारे आधुनिक भाष्यकार त्याचा संदर्भ विसरतात. तेथे विषय लोकसमूहांच्या जयपराजयाचा आहे.

खरी कसोटी सूरा अन्फालमध्ये (८:१७) आहे. तेथे फेकण्याची क्रिया एकाच वाक्यात पैगंबरांची म्हटली जाते, नाकारली जाते आणि ईश्वराकडे सोपविली जाते. अनुवादक येथे 'वास्तविक' किंवा 'जणू' असा एखादा शब्द घालून वाक्य सुबोध करतो, आणि तेवढ्यानेच गझाली व इब्न रुश्द यांच्यापैकी एकाच्या पक्षात जाऊन बसतो.