चौकटीबाहेर राहिलेला हात

बैलगाडी शर्यतीचा नाद आणि कॅमेऱ्याचा नाद एकत्र आले, की माणूस थेट शेवटच्या रेषेसमोर जाऊन उभा राहतो. अलिबाग-मुरूडच्या पुळणीवर स्वतःपुरता असा फोटोसंग्रह करू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं, ती जागा सोडा. धोका आहेच. मोठ्या लेन्समधून समोरून येणाऱ्या जोडीचा वेग जाणवत नाही, आणि बैल बुजले तर आखलेली वाट पाळत नाहीत. पण माझा खरा आक्षेप तिथून मिळणाऱ्या फोटोवर आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात थिजवलेली जोडी, उडालेली वाळू, ताणलेल्या माना, तोंडाला फेस. वाहवा हमखास मिळते. बैल कशामुळे धावताहेत, ते मात्र त्यात नसतं. गाडीवानाचा हात चौकटीबाहेर राहिला, की प्रत्येक धाव हौसेचीच दिसते.

१८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून भरधाव घोडा टिपला. चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्यातून दिसलं. चित्रकार मात्र ते पुढेमागे फाकलेले काढत आले होते. मायब्रिज यांनी त्यातला सगळ्यांत डौलदार तेवढा फोटो ठेवून बाकीचे फेकले असते, तर हा उलगडा झाला नसता. म्हणून शर्यतीचीही मालिकाच करावी, आणि ती ओहोटीपासून सुरू करावी. ओहोटीने मागे टाकलेली ओली, घट्ट वाळू हीच इथली धावपट्टी. कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं तेही याच ओहोटीच्या भरवशावर. तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आपल्याला हवा तो उजेड मिळेलच असं नाही. किनारा पश्चिमेचा, दुपार कलली की सूर्य समुद्राच्या बाजूला जातो आणि जोड्या नुसत्या काळ्या आकृत्या होतात. फार देखण्या दिसतात त्या! पण पाठीवरचा वळ त्याच काळोखात बुडतो. जू चढवणं, पाणी पाजणं, धाव संपल्यावर भात्यासारख्या हलणाऱ्या बरगड्या, हरलेल्या जोडीशी मालकाचं वागणं, हे सगळं सावकाश टिपता येतं. फ्लॅश आणि ड्रोन घरी ठेवावेत.

‘हा छंद आहे, पत्रकारिता नाही,’ असं कुणी म्हणेल. कबड्डीच्या बाबतीत मी ते मान्य करीन. तिथला खेळाडू आपल्या मर्जीने मैदानात उतरतो. बैलाला कुणी विचारलेलं नसतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: इतक्या वर्षांनी परत मिळालेली शर्यत तुमच्या फोटोंमुळे पुन्हा बंद पडायची. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पण ही परवानगी बैलांना इजा होऊ न देण्याच्या अटीवरच मिळालेली आहे. अट पाळली जात असेल, तर तिचा उत्तम पुरावा शौकिनाच्याच कॅमेऱ्यात असतो. पाळली जात नसेल, तर शर्यतीला धोका मारणाऱ्या हाताचा आहे.

तरीही गावातल्याच माणसाला अडकवणारा फोटो कसा दाखवायचा, हा पेच उरतोच. त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मात्र कॅमेरा काढण्याआधी मालक आणि गाडीवान दोघांना सांगावं, की जू चढवण्यापासून सोडण्यापर्यंत सगळं टिपणार आणि त्यातलं काही कापणार नाही. नको म्हणेल त्याची जोडी सोडून द्यावी, तिचा विजयाचा फोटोसुद्धा घेऊ नये.