दुरुस्तीनंतर इंजिन मिसिंग मारते, दोष कसा शोधावा ?



गाळप हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे वस्तीवस्तीवर एकच देखावा दिसतो. ट्रक किंवा ट्रॅक्टर झाडाखाली उभा, बॉनेट उघडे, खाली पोते अंथरलेले आणि मालक स्वतः पाना घेऊन बसलेला. फिल्टर बदलणे, नोझल काढून तपासून आणणे, टॅपेट सेट करणे ही कामे पुष्कळ सभासद घरीच करतात. त्यात वावगे काही नाही. आपल्या गाडीची आपल्याला माहिती असणे केव्हाही चांगले. पण दुरुस्ती झाल्यावर इंजिन चालू करावे आणि ते थरथरू लागावे, ठोके चुकवू लागावे, धूर ओकू लागावे, असेही बरेच वेळा घडते. त्या वेळी काय करावे व काय करू नये, हे या लेखात सांगायचे आहे.

मी ऊस विकास विभागाचा माणूस, इंजिनाचा मिस्त्री नव्हे. परंतु तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे सांगण्यातच माझी वीस वर्षे गेली. ऊस फडात वाळत पडला की दर वेळी टोळीचाच दोष असतो असे नाही. पुष्कळदा वाहन बंद पडलेले असते. तुटलेल्या उसाचे वजन तासातासाने घटते, आतील साखरेचे विघटन होते. वजनातील घट सभासदाच्या अंगावर, उताऱ्यातील घट कारखान्याच्या अंगावर, म्हणजे फिरून सभासदाच्याच. म्हणून हा विषय माझाही आहे.

एका ट्रकची गोष्ट

माझ्या गटातील एका सभासदाने हंगामापूर्वी आपल्या जुन्या, सहा सिलिंडरच्या ट्रकचे फिल्टर बदलले व सहाही नोझल तपासून आणून स्वतः बसवले. इंजिन सुरू झाले, पण थरथरत होते आणि पांढरा धूर येत होता. कोणी सांगितले, टायमिंग हलले असेल. लगेच पंपाचे बोल्ट ढिले करून पंप फिरवला. मग इंजिन ठोकू लागले. दुसऱ्याने पंपाच्या स्क्रूला हात घातला. आता काळा धूर येऊ लागला. या भानगडीत चार दिवस गेले आणि दोन खेपांचा ऊस फडात वाळला.

शेवटी एका जाणत्या मिस्त्रीला बोलावले. त्यांनी आल्याबरोबर पाना हातात घेतला नाही. त्यांनी विचारले, "आधी गाडी ठीक होती ना ? मग पहिल्यांदा कुठे हात लावला ते सांगा." नोझल काढून पाहिले तर तिसऱ्या सिलिंडरच्या भोकात तांब्याचा जुना वॉशर तळाला तसाच चिकटलेला आणि त्यावर नवा बसवलेला ! दोन वॉशरमुळे नोझल वर राहिले, डिझेलचा फवारा नीट उडेना. दोष एवढाच होता. पण वॉशर काढूनही गाडी सुधारली नाही, कारण तोवर पंपाचे टायमिंग आणि डिझेलचे माप दोन्ही बिघडवून ठेवले होते. एका दोषाचे तीन दोष झाले.

या गोष्टीतून घ्यायचा धडा असा : गाडी दुरुस्तीपूर्वी ठीक चालत असेल, तर दोष बहुधा जिथे हात लागला तिथेच असतो. तिथूनच शोध सुरू करावा, आणि एका वेळी एकच बदल करावा.

इंजिनाला काय लागते ?

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोलच्या इंजिनासारखा येथे ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते, त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि नेमक्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला चार गोष्टी लागतात : पुरेशी हवा, पक्के कॉम्प्रेशन, योग्य मापाचे डिझेल आणि योग्य वेळ. यांपैकी एक कमी पडली की तो सिलिंडर मिसिंग मारतो. दुरुस्तीत आपण ज्या भागाला हात लावला, त्याचा या चारांपैकी कशाशी संबंध येतो, एवढे ध्यानात घेतले तर अर्धे काम झाले.

पहिले काम : कोणता सिलिंडर मेला ते पाहणे

उसाच्या सरीत नांगी कुठे पडली हे पाहिल्याशिवाय आपण रोप लावीत नाही. तसेच येथे. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात हे शोधणे सोपे आहे.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. उपरणे, मफलर पंख्याजवळ नको. विडी-सिगारेट तर नकोच. इंजिन स्लोला ठेवावे आणि एकेका नोझलच्या जाड नळीचा नट फडके धरून अर्धा फेरा ढिला करावा. नट ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला सिलिंडर तोच. नट पुन्हा कसावा व पुढच्याकडे जावे. हात व तोंड फवाऱ्यासमोर कधीही आणू नये. दाबाखालील डिझेल कातडीत घुसते. जखम सुईएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

दुसरी रीत त्याहून सोपी. थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांनी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पाण्याचे थेंब टाकावेत. जेथे पाणी चर्र करीत नाही, तो सिलिंडर थंड, म्हणजे पेटत नाही.

सर्व सिलिंडर सारखे चालत असूनही गाडी हादरत असेल, तर इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर व बोल्ट पाहावेत. काम करताना ढिले केलेले बोल्ट कसायचे राहून जातात.

काय केले होते, त्याप्रमाणे काय पाहावे

१. फिल्टर बदलले असतील तर : पहिला संशय एअरचा. डिझेलच्या नळीत हवा राहिली की पंप ती हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. इंजिन कधी चढते, कधी पडते, मग बंद पडते. एअर काढण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर मारावा. बुडबुडे थांबून निखळ डिझेल येऊ लागले की कसावा. मग पंपाचा स्क्रू, आणि शेवटी नोझलचे नट.

एअर काढली तरी तासाभराने पुन्हा येते, अशी तक्रार असल्यास टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तपासावी. या भागात पंप डिझेल ओढतो. विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाइप एअर घेतो तेव्हा पाणी बाहेर गळत नाही, पंप मात्र पाणी सोडतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. येथेही बाहेर थेंब दिसत नाही, पण हवा आत शिरते. खात्री करायची तर टाकीची नळी सोडून फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या डब्यातून थेट नळी द्यावी. गाडी नीट चालली तर दोष टाकी व फीड पंप यांच्यामध्ये. जुने, दबलेले तांब्याचे वॉशर पुन्हा वापरणे आणि फिल्टरचे रबर रिंग पिळून बसणे, ही याची नेहमीची कारणे होत.

२. नोझल काढली असतील तर : तळाचा जुना वॉशर निघाला का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. वॉशर दोन झाले तर वर सांगितलेली गत होते; एकही नसला तर कॉम्प्रेशन बाहेर निसटते, चुस-चुस आवाज येतो आणि नोझलभोवती काजळी धरते. साबणाचे पाणी टाकल्यास बुडबुडे दिसतात. संशयित नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब. दोष जागीच राहिला तर पंप, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन.

नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, हेही पाहावे. लांबट, एका रांगेच्या पंपात पंपाच्या पहिल्या तोंडाची नळी पहिल्या सिलिंडरला, दुसऱ्याची दुसऱ्याला, अशी जाते. गोल, रोटरी पंपात मात्र तोंडे फायरिंग ऑर्डरप्रमाणे असतात. चार सिलिंडरला हा क्रम बहुधा १-३-४-२ आणि सहाला १-५-३-६-२-४ असतो. नळ्या काढण्यापूर्वी प्रत्येकीला गाठी मारलेला दोरा बांधला तर चूक होणारच नाही.

३. टॅपेट सेट केले असतील तर : गाडी थंड असता ठीक आणि तापल्यावर मिसिंग, असे असेल तर टॅपेट आवळले गेले आहेत. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. टकटक आवाज येत असेल तर गॅप जास्त आहे. वर दिलेल्या क्रमाच्या चार सिलिंडर इंजिनात चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असताना पहिल्याचे टॅपेट सेट करावेत, आणि उलट. दुसरा व तिसरा यांची जोडी तशीच. सहा सिलिंडरला १-६, २-५ आणि ३-४ अशा जोड्या. गॅप किती व थंड की गरम, हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने मोजावे, अंदाजाने नव्हे.

४. हेड उघडले असेल तर : शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले असतील तर त्या दोहोंमधील गॅसकेट फुटल्याचा दाट संशय घ्यावा. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे हीही खूण आहे. झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत कसावे लागतात.

५. पंप काढला असेल तर : खुणा जुळल्या का ते पाहावे. टायमिंग आधी झाले तर इंजिन कडक ठोकते. उशिरा झाले तर पांढरा धूर येतो, ओढ कमी होते व इंजिन तापते. पंप ढिला करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना रंगाची एक रेघ मारावी. पंपाचे सील तोडून आतले स्क्रू फिरवणे हे घरचे काम नव्हे. सर्व तोंडांतून सारखे डिझेल पडते की नाही, हे टेस्ट बेंचवरच कळते.

६. एअर क्लीनर साफ केला असेल तर : काळा धूर येत असल्यास हवा अडली आहे, आत चिंधी राहिली का ते पाहावे. ऑइल बाथ प्रकारात तेल खुणेच्या वर भरले तर इंजिन ते तेल ओढते, निळा धूर येतो, आणि प्रसंगी रेस आपोआप वाढून इंजिन हाताबाहेर जाते.

नव्या गाड्यांविषयी इशारा

वर सांगितलेली नट ढिला करण्याची रीत फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनासाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेले बी.एस.६ ट्रक आणि कॉमन रेल पद्धतीचे नवे ट्रॅक्टर यांत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असू शकतो. तेथे चालू इंजिनाचा नट ढिला करणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या गाडीत आपण फिल्टर, वायरचे सॉकेट व बाहेरच्या हवेच्या नळ्या एवढेच पाहावे. पुढे स्कॅनर लावून दोष वाचून घ्यावा.

शेवटी

दुरुस्ती सुरू करताना एक वही जवळ ठेवा. काय उघडले, कोणत्या क्रमाने, कोणता वॉशर नवा टाकला, ते लिहा. गाडी बिघडली तर पहिला बदल जसाच्या तसा तपासा. त्याने गुण आला नाही तर तो पूर्ववत करून मगच दुसरा करा. तासाभरात दोष सापडला नाही, तर थांबा, मिस्त्रीला बोलवा आणि वही त्यांच्यापुढे ठेवा. केलेले काम लपवू नका. आमच्या त्या सभासदाने पंप फिरवल्याचे लाजेने आधी सांगितले नव्हते, म्हणून आणखी एक दिवस गेला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ही कामे तोडीची चिठ्ठी हातात पडण्यापूर्वी उरका. दुरुस्तीनंतर गाडी भरून एकदा चढावर चालवून पाहा. गाडी तयार असल्याची खात्री झाली की मगच उसाला कोयता लागू द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी